ग्र्यूनर फेल्टलिनरची चार घरं

आमच्या घरात कुणी दारू पीत नाही, हे वाक्य मी जर्मनीत इतक्या वेळा म्हटलंय की माझं तेवढं एकच जर्मन वाक्य आता निर्दोष येतं. नवरा ऑफिसच्या पार्टीत बिअर घेतो, पण त्याच्या मते ती दारूत मोडत नाही. त्याच्या आई पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या की ती बिअर थेट सफरचंदाचा रस होते. आई ऐकून घेतात आणि काही बोलत नाहीत. त्यांचं न बोलणं मला जास्त लागतं, नवऱ्याला मुळीच लागत नाही.

आम्ही एर्लांगेनमध्ये ज्या घरात भाड्याने राहतो, त्याच्या खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात. मूळच्या ऑस्ट्रियाच्या. चाळीसएक वर्षांपूर्वी लग्न करून इथे आल्या. नवरा गेला, त्या राहिल्या. जिना कुणी कोणत्या आठवड्यात पुसायचा याचा तक्ता त्या स्वतःच्या हाताने आखतात आणि आमच्या नावापुढे दर वेळी एक छोटं फूल काढतात. हे फूल कौतुकाचं आहे की इशाऱ्याचं, ते मला पाच वर्षांत कळलेलं नाही.

आम्ही राहायला आलो त्या संध्याकाळी त्या वाइनची एक बाटली घेऊन वर आल्या. त्यांच्या भावाची ऑस्ट्रियात छोटी द्राक्षबाग होती. वाइन तोच करायचा, बाटल्या तोच भरायचा, लेबलंही तोच चिकटवायचा. त्यामुळे लेबल चांगलंच तिरकं होतं. वाइनचं नाव ग्र्यूनर फेल्टलिनर. मी वाक्य म्हणून दाखवलं, आम्ही पीत नाही. बाईंनी ते ऐकलं आणि न थांबता ही वाइन कशाबरोबर प्यायची ते सांगायला सुरुवात केली.

थंडगार प्यायची. याच वर्षी प्यायची, कारण ती ताजी असतानाच तिची मजा, ती कुणासाठी थांबत नाही. बरोबर तळलेलं, कुरकुरीत काहीतरी हवं. नाहीतर पांढऱ्या शतावरीच्या कोंबांची भाजी. पालेभाज्यांपुढे बाकीच्या वाइन हात टेकतात, ही टेकत नाही. गोड मात्र अजिबात नको. वासाला हिरवं सफरचंद, लिंबू, थोडं डाळीसारखं काहीतरी आणि गिळल्यावर शेवटी पांढऱ्या मिरीची चुणचुण. मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत मान हलवत होते. जर्मनीत तीनदा गेनाऊ म्हटलं की समोरच्याला वाटतं, हिला सगळं समजलं.

पुढे एकदा मी हे वर्णन सासूबाईंना सांगितलं. डाळ, लिंबू, मिरी. त्या म्हणाल्या, "अगं, मग साधं वरणच की ते. त्याला बाटलीत कशाला भरायचं?"

बाटली मी तूरडाळीच्या डब्याशेजारी ठेवली आणि विसरले.

यंदाच्या जूनमध्ये, एका गुरुवारी, बाईंनी मला जिन्यात थांबवलं. मी बादली घेऊनच उभी होते, त्यामुळे मला वाटलं, आता फुलाचा अर्थ कळणार. पण त्या वेगळंच बोलायला लागल्या. गेल्या जूनमध्ये त्यांचा भाऊ गेला हे मला माहीत होतं. येत्या रविवारी वर्ष होणार होतं. बाग एका चुलतभावाने घेतली आणि तो आता सगळी द्राक्षं एकत्र करून भलतंच काहीतरी बनवतो. बाईंच्या तळघरातली भावाची शेवटची बाटली त्यांनी नाताळात उघडली, ती शेवटची आहे हे लक्षात न येता. भाच्याबरोबर गप्पा मारता मारता संपवून टाकली. ती चव नीट आठवतही नाही, असं त्या म्हणाल्या.

"आल्झो, म्हणजे असं झालं, काल रात्री मी पडल्या पडल्या विचार करत होते," त्या म्हणाल्या, "आणि एकदम उठून बसले. तुम्ही तर पीत नाही! म्हणजे तुमच्याकडे एक आहे. अख्ख्या जर्मनीत ती तुमच्या घरी असेल तेवढी सुखरूप कुठेच नसेल. रविवारी दुपारी आपण मिळून उघडू या का? आणि तुमच्या सासूबाई ती पानाची तळलेली वळकटी करतात ना, ती त्याच्याबरोबर."

मी म्हणाले, "नातुर्लिश!" म्हणजे, अर्थातच.

हा माझा स्वभाव. आधी हो म्हणायचं आणि मग स्वतःवर चिडायचं. मी बादली तिथेच टाकून वर आले. डाळीच्या डब्याशेजारी बाटली नव्हती. नवरा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "ती ना? ती आपण फ्युर्टला दिली नाही का, वास्तुशांतीला."

आणि मला सगळं आठवलं. नवऱ्याच्या मित्राने फ्युर्टमध्ये घर घेतलं होतं, वास्तुशांत रविवारी होती, आणि भेटवस्तू आणायची राहिली हे आम्हाला रविवारी सकाळी कळलं. इथे रविवारी दुकानं बंद. आपल्याकडे अशा वेळी कपाट उघडून आलेला ब्लाउजपीस काढतात, तशी मी बाटली काढली आणि रिबीन बांधली.

"मग त्यांनी प्यायली असेल," मी म्हणाले, आणि मला खरंच रडू यायला लागलं. त्या बाईंच्या भावाची शेवटची बाटली, आणि मी ती ब्लाउजपीससारखी पुढे ढकलली होती.

"ते पीत नाहीत," नवरा म्हणाला.

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "त्यांनी कुणाला दिली ते विचार," त्या म्हणाल्या. "न वापरायची वस्तू कुणी ठेवून घेत नाही आणि कुणी टाकतही नाही. मी ब्लाउजपीसच्या कोपऱ्यात एक टाका घालून ठेवायचे. एक मोरपंखी ब्लाउजपीस मला अकरा वर्षांनी माझ्याच टाक्यासकट परत आला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती."

नवऱ्याला हा सगळा व्याप नको होता. सुपरमार्केटमधून दुसरी ग्र्यूनर फेल्टलिनर आणू, लेबल काढू आणि घरच्या प्रिंटरवर नवं छापून तिरकं चिकटवू, असं त्याने सुचवलं. तो मोठ्या कंपनीत क्वालिटी सांभाळतो. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. आई शेजारी होत्या तरी बोलले, आणि त्याही गप्प राहिल्या, त्यावरून अंदाज यावा.

फ्युर्टला फोन केला. तिथल्या वहिनी म्हणाल्या, "अय्या, ती वाकड्या लेबलवाली? अहो, ती आम्ही ब्रुकवाल्यांना दिली. त्यांना नागरिकत्व मिळालं ना, तेव्हा. म्हटलं, जर्मन झालात, आता जर्मन वाइन प्या."

"ऑस्ट्रियाची होती ती."

"बघा! तरीच त्यांनी प्यायली नसणार."

ब्रुक आमच्याच गावात, बसने पंधरा मिनिटं. शनिवारी सकाळी मी तिथे थडकले. जर्मन झालेले गृहस्थ मूळचे साताऱ्याचे. त्यांनी दार उघडलं, मला आत घेतलं, चहा टाकला आणि मग कोलेस्टेरॉलविषयी बोलायला लागले. त्यांच्या हाउसआर्त्सटने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांनी, त्यांना काय काय बंद केलंय ते मी पूर्ण ऐकलं. मध्ये बाटलीचा विषय काढला तर म्हणाले, "येतो ना तिथेच येतो." अखेर तिथे आले. बाटली त्यांनी एका बारशाला दिली होती.

"बारशाला वाइन?" मी विचारलं.

"बाळाला नाही हो. बाळाच्या बाबांना." मग ते थोडे ओशाळले. "पण तिचं तिथे जरा वेगळंच झालं. दारातच आजींनी माझ्या हातातून घेतली. पुढचं तुम्ही त्यांनाच विचारा."

ते बारसं झालं तेव्हा आम्ही पुण्यात होतो. बाळाचं घर रेल्वेलाइनच्या पलीकडे, तिथे मी बसने गेले. बाळ आता तीन वर्षांचं आहे, आणि त्याची आई माझ्या ओळखीची. मी वाइनची बाटली म्हटल्याबरोबर ती दोन्ही हातांनी तोंड दाबून हसायला लागली.

झालं होतं असं. बारशाला पाळण्यात आधी गोप्या घालतात. वरवंट्याला टोपडं, अंगडं घालायचं, हळदकुंकू लावायचं, पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हातात द्यायचा, घ्या म्हणायचं, आणि मग बाळ. आता एर्लांगेनमध्ये वरवंटा कुठून आणणार? सगळ्यांकडे मिक्सर. आजी भारतातून आल्या होत्या, पण विमानात वजनाचा प्रश्न. लाटणं घेऊन बघितलं तर टोपडं त्यावर राहीना. पाहुणे येऊन बसलेले, आजी हैराण झालेल्या, आणि तेवढ्यात दारात साताऱ्याचे गृहस्थ बाटली घेऊन उभे. जड, गोल, उभी राहणारी, वर मानेसारखी निमुळती. आजींनी ती घेतली, पिवळं टोपडं चढवलं, कुंकू लावलं. आठ बायकांनी ती वाइन पाळण्याच्या वरून-खालून फिरवली.

"आईंना सांगितलंच नाही आत काय आहे," ती म्हणाली. "त्यांना वाटलं, गुलाबपाणी."

"आणि मग?"

"मग काय, गोप्याला पिणार का कुणी? आम्ही तशीही घेत नाही. ठेवून दिली." आणि मग तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उमटलं. "अगं, पण ती तुम्हालाच नाही का दिली? तुझ्या नवऱ्याची नोकरी कायम झाली तेव्हा. सोनेरी पिशवीत."

परतीच्या बसमध्ये मला सोनेरी पिशवी आठवत होती आणि ती आठवू नये असं वाटत होतं. नाताळाच्या आधी कुणीतरी दिली होती. तोंडाला पिन मारलेली. मी फटीतून बोट घालून पाहिलं, बाटलीची मान दिसली, म्हटलं वाइन दिसतेय, आपल्याला काय करायची.

आमच्या केलरमध्ये, म्हणजे भाडेकरूंच्या तळघरात, हिवाळी टायरमागे माझा एक खोका आहे. त्यात पुढे द्यायच्या वस्तू असतात. खोक्यात एक फोटोफ्रेम, मेणबत्त्यांचे तीन सेट, आणि तळाशी सोनेरी पिशवी. मी पिन काढली. वाकडं लेबल. त्यावर कुंकवाचं बोट आणि हळदीचा डाग. मानेभोवती तीन रिबिनी, त्यातली एक माझीच. आणि मानेवर, पिशवीच्या फटीतूनच चिकटवलेला एक पांढरा स्टिकर, माझ्या अक्षरात: "खालच्या बाईंसाठी, ख्रिसमस."

मी टायरवर बसले. त्या वर्षी नाताळात आम्ही अचानक पुण्याला गेलो म्हणून द्यायचं राहून गेलं होतं, नाहीतर मी रिबिनीसकट, हसत हसत, बाईंची बाटली बाईंनाच दिली असती. आजवर इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला होता की मी त्या बाटलीचा पापा घेतला.

वर आल्यावर सासूबाईंनी बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. "म्हटलं नव्हतं?" एवढंच म्हणाल्या. स्टिकर निघेना. कुंकू पुसायला गेले तर लेबल फाटायला लागलं, तेव्हा आईंनीच माझा हात धरला. शनिवारी दुपारी नवरा प्रायश्चित्त म्हणून बाजारात गेला आणि बाटलीचं बूच काढायचा महागातला स्क्रू घेऊन आला. बाटलीला बूच नव्हतंच. खोबरेल तेलाच्या बाटलीला असतं तसं फिरकीचं झाकण होतं. हे पाच वर्षांत चारही घरांत कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

रविवारी सकाळपासून आईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. अळूची पानं इथे सहज मिळत नाहीत, तेव्हा आम्ही मांगोल्ड नावाची पालेभाजी घेतो. तिची पानं रुंद असतात आणि घशाला खाजत नाहीत, त्यामुळे आई तिला जरा कमी लेखतात. त्या पानांना चिंच-गुळाचं बेसन लावताना मी म्हटलं, "आई, गूळ नको, बाई म्हणाल्या होत्या गोड अजिबात नको." आईंनी चिमूटभर टाकलाच. शेजारच्या गावच्या शेतातली पांढरी शतावरी आली होती. अर्धीची भजी आणि अर्धीची पीठ पेरून भाजी. कोथिंबीर वडी. साधं वरण, भात. वरण कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "वासाला सारखं आहे म्हणालीस ना. जोडीला जोड."

बाई बरोबर साडेबाराला आल्या. काळा ब्लाउज, आणि हातात तीन पेले, कारण आमच्याकडे वाइनचे पेले नसणार हे त्यांना माहीत होतं. बाटली टेबलावर थंडगार उभी होती, रिबिनी मी काढून टाकल्या होत्या. बाई समोर बसल्या आणि आधी लेबलावरून बोट फिरवलं. "बघा," त्या म्हणाल्या, "एकही सरळ चिकटवता आलं नाही त्याला." मग बोट मानेवर गेलं. "आणि हे काय लिहिलंय, तुमच्या लिपीत?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "तुमच्यासाठी."

हे खरं होतं. शब्दशः खरं. बाईंचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी? म्हणजे तुम्ही जपून ठेवली होती, माझं नाव घालून?" त्यांनी कुंकवाच्या बोटाला हात लावला. "आणि हा लाल टिळा? देवापुढे ठेवली होती का?"

टेबलाखालून नवऱ्याने माझ्या पायावर पाय दिला. त्याचं बरोबर होतं. तिथे मी मान हलवली असती तर बाई सुखात जेवल्या असत्या, आणि जिन्याच्या तक्त्यावर जन्मभर आमच्यापुढे फूल आलं असतं. पण मला खोटं कौतुक पचत नाही.

"नाही हो," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. रविवारची बंद दुकानं, फ्युर्टची वास्तुशांत, ब्रुकचं नागरिकत्व, सोनेरी पिशवी, टायर, स्टिकर. गोप्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं, म्हणून मी रिकामा पेला हातरुमालात गुंडाळून टेबलाच्या वरून-खालून फिरवून दाखवला. नवऱ्याने तोंडावर हात ठेवला. बोलता बोलता मला रडू आलं. "मला माफ करा," मी म्हणाले, "तुम्ही म्हणालात याच वर्षी प्या, आणि आम्ही ती पाच वर्षं नुसती फिरवली."

बाईंनी बाटली स्वतःकडे ओढली. त्यांनी झाकण फिरवून उघडलं, थोडी वाइन ओतली, वास घेतला, एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. आई ताटलीत गरम वड्या घेऊन मागे उभ्या होत्या. बाईंनी एक वडी उचलली, अर्धी खाल्ली, आणि पुन्हा एक घोट घेतला.

"थकलीय," त्या म्हणाल्या. "सफरचंद गेलं. लिंबू गेलं." मग त्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली. "मिरी आहे. चला, मिरी आहे अजून."

मग त्यांनी विचारलं, "टोपडं कोणत्या रंगाचं होतं?"

"पिवळं."

"फोटो आहे?"

मी बाळाच्या आईला मेसेज केला आणि तिने लगेच पाठवला. लाकडी पाळणा, झालर, आणि आत मऊ दुपट्यात आडवी बाटली, मानेवर पिवळं टोपडं, लेबल वाकडं, कपाळी कुंकू. पाळण्याभोवती आठ बायका, जरीच्या साड्या, सगळ्या बाटलीकडे मायेने वाकून बघतायत. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या हसायला लागल्या, आधी खांदे हलले, मग आवाज आला, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी त्यांनी फोन सोडला नाही.

"चाळीस वर्षं मी त्याला बोलावत होते," त्या म्हणाल्या. "वसंतात छाटणी असायची. उन्हाळ्यात फवारणी. शरदात तोडणी, हिवाळ्यात तळघर. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. माझ्या लग्नालासुद्धा नाही आला. एकदाही माझ्या घरी नाही आला." त्यांनी फोटो मोठा करून वाकड्या लेबलाकडे पाहिलं. "आणि हे बघा. फ्युर्टला गेला, ब्रुकला गेला, पाळण्यात झोपला. आला होता तर. माझ्याच गावात होता. आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

आईंना जर्मन येत नाही. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. "काय म्हणतायत गं त्या?"

"भाऊ आला होता म्हणतायत," मी म्हणाले, "आणि आपण त्यांना कळवलं नाही."

आईंनी बाईंकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

"मग चुकलंच आपलं," त्या म्हणाल्या, आणि चौथा पेला नव्हता म्हणून फडताळातून स्टीलची वाटी काढली, बाटलीशेजारी ठेवली, आणि भावासाठी दोन गरम वड्या आणायला आत गेल्या.